ती आपल्यात आहे तोवर

संध्याकाळच्या भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, हात थांबवायची गरज नाही. आज आम्ही एका खेळाडू बाईची हकिकत सांगणार आहोत. बाई अमेरिकेतली, नाव जेनेट ली. तिचा खेळ आपल्यापैकी पुष्कळजणींनी टीव्हीवरसुद्धा पाहिला नसेल. पण ती आजारी पडली तेव्हा त्या खेळातल्या माणसांनी जे केलं, ते आपल्या गटांनी ऐकावं असं आहे.

त्या खेळाचं नाव पूल. पूल म्हणजे पोहायचा तलाव नव्हे. आपला कॅरम सगळ्यांना माहीत आहे. पूल हा त्याचाच लांबचा भाऊ समजा. कापड लावलेलं मोठं टेबल, त्याला चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन अशी सहा भोकं. हातात स्ट्रायकर नसतो, लांब काठी असते. काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्या चेंडूने दुसरे रंगीत चेंडू भोकात घालायचे. जेनेट खेळायची त्या प्रकारात नऊ चेंडू असतात. टेबलावर सगळ्यांत लहान नंबरचा जो चेंडू असेल त्यालाच आधी टोला लागला पाहिजे. नवव्या नंबरचा चेंडू नियमाने जो भोकात घालेल तो जिंकला. प्रत्येक टोल्याला कमरेत वाकावं लागतं, आणि वाकूनच नेम धरावा लागतो. हे वाकणं लक्षात ठेवा.

जेनेटचा जन्म १९७१ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. घरचे लोक मूळचे कोरियाचे. बारा-तेरा वर्षांची असताना कळलं, की तिच्या पाठीचा कणा वाकडा होत चाललाय. ऑपरेशन करून कण्याला धातूच्या सळया बसवल्या. वर्गातल्या पोरी पळत-उड्या मारत होत्या त्या वयात हिने पाठीला आधार लावून दिवस काढले. अठराव्या वर्षी ती पहिल्यांदा पूलच्या टेबलापाशी उभी राहिली आणि तिथलीच झाली. काठीला आधार देणारा हात नीट बसावा, म्हणून ती बोटं चिकटपट्टीने बांधून झोपायची, असं सांगतात. १९९३ साली ती व्यावसायिक खेळाडू झाली आणि दोन-तीन वर्षांतच बायकांच्या पूलमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. २००१ साली जपानमधल्या अकिता इथे झालेल्या जागतिक खेळांत तिने सुवर्णपदक घेतलं. काळे कपडे घालून खेळायची, समोरच्याला डोकं वर काढू द्यायची नाही, म्हणून लोकांनी तिला ‘ब्लॅक विडो’ हे एका विषारी कोळिणीचं नाव दिलं. आणि हे सगळं त्या सळया बसवलेल्या पाठीवर. पुढेही पाठीवर, मानेवर ऑपरेशनं होतच राहिली.

तिच्यामुळे त्या खेळात बायकांना ओळख मिळाली. पूलचे अड्डे म्हणजे पुरुषांची जागा, अशी तिकडेही समजूत होती. जेनेटला टीव्हीवर बघून कितीतरी मुली तिथे पाय ठेवायला धजावल्या. २०१३ साली अमेरिकेतल्या बिलियर्ड काँग्रेसने तिचं नाव आपल्या मानाच्या यादीत घातलं. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती, आणि तो मान तिने स्वतः घेतला.

मग २०२१ साल उजाडलं. वय एकोणपन्नास. तपासणीत कळलं की अंडाशयाचा कॅन्सर आहे, चौथ्या टप्प्याचा, म्हणजे शरीरात पसरलेला. हातात काही महिने, फार तर वर्ष, असं बोललं गेलं. घरात तीन मुली, तिघी अजून शिकणाऱ्या.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून या आजाराबद्दल बोलू, कारण तो अमेरिकेतल्या बायकांना होतो तसाच आपल्यालाही होतो. अंडाशय म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन छोट्या गाठीसारख्या ग्रंथी. त्यांचा कॅन्सर लवकर ओळखू येत नाही, कारण त्याची लक्षणं अगदी रोजच्या दुखण्यासारखी असतात. पोट फुगल्यासारखं वाटतं. चार घास खाल्ले की पोट भरतं. ओटीपोटात दुखतं. सारखं लघवीला जावं लागतं. आपण म्हणतो गॅस झाला असेल, वांगं बाधलं असेल, पाळी जायचं वय आहे. ओवा चावतो आणि शेतात जातो. एखाद-दुसरा दिवस असं झालं तर घाबरायचं कारण नाही. पण पूर्वी नव्हतं आणि आता जवळजवळ रोज होतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे जायचं आणि ‘माझ्या पोटाची सोनोग्राफी करायची गरज आहे का?’ असं स्वतःहून विचारायचं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी तर नक्कीच. आईला, बहिणीला, मावशीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही न लाजता सांगायचं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी वेगळी असते. ती चांगली निघाली म्हणजे अंडाशयही चांगलंच आहे, असं समजायचं नाही.

आता परत जेनेटकडे. अमेरिका श्रीमंत देश, पण तिथे औषधपाणी फार महाग. नोकरी करणाऱ्याला विमा बहुतेक मालकाकडून मिळतो. खेळाडूला मालक कुठला? जिंकलं तर पैसे, नाही जिंकलं तर नाही. आजारपणात कमाई थांबते, आणि खर्च तर तेव्हाच येतो. आपल्याकडच्या मजुरी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

तिच्या आजाराची बातमी तिच्या माणसांनी दडवली नाही. तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने, सगळ्यांना सांगितली. सोबत तिच्या नावाने मदतनिधी सुरू केला, आणि तो कशासाठी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं: तिच्या तीन मुलींसाठी. त्यांचं राहणं-खाणं, त्यांचं शिक्षण. कारण तिला घोर होता तो त्यांचाच. अमेरिकेत हौशी पूल खेळणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे, सुमारे अडीच लाख सभासदांची. तिथल्या लोकांपर्यंत निरोप गेला. त्यात ट्रक चालवणारे, दुकानात काम करणारे, शाळेत शिकवणारे लोक. बहुतेकांनी जेनेटला कधी समोरासमोर पाहिलंही नसेल. पण जगभरातून पैसे आले, कोणाचे थोडे, कोणाचे जास्त.

पूल खेळणाऱ्या लोकांत ही रीत जुनी आहे. एखादा मुरलेला खेळाडू आजारी पडला की गावोगावचे अड्डे त्याच्या नावाने सामने ठेवतात. प्रवेशाचे पैसे त्याला जातात. कोणी आपली चांगली काठी लिलावाला देतं, कोणी सोडतीची तिकिटं खपवतं. झेपत असेल तर तो खेळाडूही येतो, खुर्चीवर बसतो, पोरं त्याला विचारतात, ‘हा टोला कसा घ्यायचा?’ तोही उठून दाखवतो. पैसे जमतातच, पण त्या संध्याकाळी तो पेशंट नसतो, उस्ताद असतो.

जेनेटने ती सांगितलेली मुदत ओलांडली. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिच्यावरचा माहितीपट अमेरिकेत टीव्हीवर लागला, आणि त्यात ती स्वतः बसून आपली हकिकत सांगते. तिचं कौतुक तिच्या कानांवर पडलं. तिच्या मुलींनीही ते आई जवळ असताना ऐकलं.

आम्हाला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती एवढ्याचसाठी. कारण आपल्याकडे मान द्यायला उशीर होतो. आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचंच घ्या. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा गावाने वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपलं काम चोख केलं. पण सरकारचा अर्जुन पुरस्कार? खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, आणि पुरस्कार आला त्यानंतर दीड दशक उलटून गेल्यावर. तो घ्यायला ते नव्हते.

आता आपल्या गावाकडे बघू. प्रत्येक गावात अशी एक बाई असतेच. शाळेत असताना कबड्डीत तालुका गाजवलेली. जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ असलेली. शेकडो बाळंतपणं केलेली सुईण. नाहीतर पहिला बचत गट काढताना ज्या बाईने घरोघरी फिरून शिव्या खाल्ल्या, ती. आज ती कुठे आहे? बहुधा घरात आहे, खाटेवर आहे, आणि आपण लग्नाकार्याला गेलो की तिच्या दारावरून पुढे जातो. म्हणतो, ‘बघायला जायचंय एकदा.’ ती गेल्यावर मात्र सगळ्या जातो, आणि तिने काय काय केलं ते दहाव्याला बोलतो. ती ऐकायला नसते.

तर गटांनी काय करावं? आम्हाला सुचतं ते सांगतो.

सगळ्यांत आधी तिला विचारा. आपण ठरवून टाकतो की तिला साडी द्यायची, शाल-नारळ द्यायचा. तिची गरज वेगळीच असते. कोणाला नातीच्या फीची काळजी असते. कोणाला म्हैस विकावी लागू नये, एवढंच हवं असतं. आणि आजार कोणाला सांगायचा, किती सांगायचा, हेही तिनेच ठरवायचं. तिने नको म्हटलं, तर चावडीवर चर्चा नको.

पैसे काढायचे झाले तर वही वेगळी ठेवा. कशासाठी काढतोय ते पहिल्या पानावर लिहा. कोणी किती दिले, कधी कोणाला पोचवले, दोघींच्या सह्या. दहा रुपये देणारीचं नावही त्याच शाईने लिहा. गटाच्या आपल्या बचतीतलं कर्ज तिच्यावर असेल, तर हप्त्याला सवलत द्यायचा ठराव मीटिंगमध्ये घेता येतो. बँकेचं कर्ज असेल तर बँकेशी आधीच बोला, हप्ता थकल्यावर नको. उमेदच्या ग्रामसंघात असाल, तर आजारपणासारख्या अडचणीसाठी जोखीम प्रवणता निधी असतो, त्याची चौकशी करा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना विसरू नका. कॅन्सरचे कितीतरी उपचार त्यात बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधी त्याला भेटायचं. बिल भरून झाल्यावर गेलं तर काम अवघड होतं.

पैसे नसले तरी करण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्याच डबा घेऊन जातात, खिचडीवर खिचडी साठते. तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, आणि केमोचे दिवस तर तेव्हा चालू असतात. म्हणून वार वाटून घ्या. सोमवारी धार एकीने काढायची, दवाखान्याच्या दिवशी सोबत दुसरीने जायचं, पोरांच्या डब्याचं तिसरीने बघायचं. कागदावर लिहून भिंतीला लावा.

आणि तिची विद्या तिच्याकडून मागा. हे आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ओव्या येत असतील तर मोबाईलवर भरून घ्या, कोणती ओवी कोणाकडून शिकली तेही विचारा. कबड्डी खेळलेली असेल तर शाळेतल्या मुलींना तिच्या अंगणात घेऊन जा. पाय कसा टाकायचा, ते ती खाटेवर बसूनही सांगू शकते. तब्येत बरी असेल त्या दिवशी, दमणार नाही एवढाच वेळ. ‘आता कसं वाटतंय?’ हे तिला दिवसातून दहा जण विचारतात. ‘आत्या, हे कसं करायचं?’ असं आजारी पडल्यापासून तिला कोणी विचारलेलं नसतं.

पुढच्या मीटिंगला बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की वही मिटायच्या आधी एक प्रश्न घ्या: आपल्या गावात अशी बाई कोण आहे? नाव निघेलच. त्याच आठवड्यात दोघी-तिघींनी तिच्याकडे जा. हार-तुरे नकोत, फोटो नकोत. चहा होईपर्यंत बसा आणि ती काय म्हणते ते ऐका. तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला कळवा. तुम्हाला आणि तिलाही चालणार असेल, तर तिचा आवाज आपण याच रेडिओवर लावू, म्हणजे ती स्वतःही ऐकेल.