दुखणे आपले, तर सवालही आपलाच हवा

(तलवाडा, ता. गेवराई येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



त्वरितादेवीच्या या गावात आज कापसाच्या भावावर बोलणे होईल. ते व्हायलाच हवे. मी थोडा वेळ मागून घेतला आहे तो दुसऱ्या एका हिशेबासाठी. आजारांचा अभ्यास करायला पैसा खर्च होतो. तो कोणाच्या आजारावर होतो? आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातल्या दुखण्याच्या वाट्याला त्यातले काय येते?

मी शेतकी शिकलेला माणूस, म्हणून आधी ज्वारीचे सांगतो. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, सीएसएच-१. खरिपाच्या ज्वारीचे उत्पन्न त्यानंतर वाढत गेले. पण आपल्या ताटात भाकरी येते ती रब्बीच्या ज्वारीची. तिच्यासाठी मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी आपण आजही पेरतो. शास्त्रज्ञ आळशी होते असे नाही. जिथे ओल हुकमी, तिथे संशोधनाचे फळ लवकर दिसते. नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येणाऱ्या पिकाचा प्रश्न अवघड, आणि तो विचारणारा गरीब. म्हणून तो मागे राहतो.

आरोग्याचेही असेच आहे. जगभरच्या आरोग्य संशोधनाचा हिशेब एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० साली मांडला. टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा जगाचा भार शंभर धरला, तर त्यातला ९३ भार गरीब देशांवर होता. आणि संशोधनाच्या शंभर रुपयांतले या देशांच्या खास प्रश्नांवर खर्च होत होते सुमारे ५ रुपये. आपल्या देशाने २०२०-२१ मध्ये सगळ्या प्रकारच्या संशोधनावर मिळून, शंभर रुपयांच्या राष्ट्रीय उत्पन्नामागे सुमारे ६४ पैसे खर्च केले. त्यात अवकाशयानही आले, संरक्षणही आले. त्या ६४ पैशांत फडात ऊस तोडणाऱ्या बाईची कंबर कुठे असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता आपल्या जिल्ह्यावर येऊ. पाऊस दगा देतो, कापूस फिटत नाही, म्हणून दसरा-दिवाळीला इथून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, मुकादमाचा तगादा, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. या बायांमध्ये पिशवी काढण्याचे प्रमाण फार आहे, हे गावोगाव माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि मोजलेले असणे वेगळे. २०१९ साली महिला संघटनांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायांत देशभरात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही मोजण्या एका मापाच्या नाहीत, हे मी शिकलेला माणूस म्हणून सांगतो. पण एवढी तफावत मापाच्या फरकाने भरून निघत नाही.

मोजणी झाली म्हणून काही हालले. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम जिल्ह्यात झाला. चांगले झाले. पण मोजणी म्हणजे निदान नव्हे. रानात शंभरातली सतरा झाडे वाळली हे मोजले, म्हणून ती मर रोगाने वाळली, हुमणीने वाळली की पाण्याच्या ताणाने, हे कळत नाही. आणि कारण कळल्याशिवाय फवारा मारला तर पैसा जातो आणि पीकही जाते.

इथेही तसेच आहे. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली म्हणून बाई तयार होते का? मग परवानगीचा नियम कामाचा आहे. खोपीवर पाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा धुवायला आडोसा नाही, त्यातून अंगावरचे जाणे वाढते का? मग नियमाने काही होणार नाही, पाणी द्यावे लागेल. डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरल्याने अंग बाहेर येते का? मग कामाची पद्धत बदलावी लागेल. की खाड्याच्या धाकाने पाळीची कटकटच नको असे तिला वाटते? मग तो प्रश्न मजुरीच्या कराराचा आहे. चार कारणे, चार इलाज. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे शोधल्याशिवाय नुसता नियम केला, तर बाई शेजारच्या जिल्ह्यात जाऊन पिशवी काढून येईल आणि आपला आकडा तेवढा कमी दिसेल.

कोणी म्हणेल, पोटाला भाकर नाही आणि हे संशोधन मागतात! त्याला गडचिरोलीचे उदाहरण द्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यांतल्या बहुतेकींची तशी तपासणी आधी कधीच झाली नव्हती. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. शेजारची गावे तुलनेला ठेवली, आपण प्रयोगाच्या रानात बिनखताचा वाफा ठेवतो तशी. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. तुमच्या दारात येणारी आशाताई बाळाचे वजन करते, त्यामागे असे नीट केलेले संशोधन आहे.

आणि हे फक्त ऊसतोडीचे नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. बोंडअळीवर किती अभ्यास होतो! भादव्याच्या उकाड्यात छातीएवढ्या कापसात पंप घेऊन शिरणाऱ्या माणसाला सहन होईल असा पोशाख कोणता, यावर त्याच्या मानाने किती झाला?

म्हणून या बैठकीपुढे चार मागण्या ठेवतो.

पहिली, पैशाची. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरलेले आहे. त्या दहातले पंचवीस पैसे ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याच्या अभ्यासाला राखून ठेवा. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे सव्वा लाख होतात. असे चाळीस कारखाने धरले तर दर हंगामाला पन्नास लाख. मजुरीला, शाळेला, दवाखान्याला हात न लावता एवढे निघू शकते.

दुसरी, सवाल ठरवण्याची. काय शोधायचे हे ठरवणाऱ्या समितीत कोयता चालवलेल्या बाया निम्म्या असाव्यात. आणि अभ्यास उन्हाळ्यात गावात बसून नको. हंगामात फडावर, खोपीवर जाऊन करा, आणि त्याच बायांची विचारपूस पुढची काही वर्षे चालू ठेवा.

तिसरी, इलाजाची. जिला तपासले तिला औषधपाणी मिळालेच पाहिजे. नुसते रक्त काढून न्यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाही, हे चालणार नाही. कोणा बाईचे नाव बाहेर फुटता कामा नये.

चौथी, हिशेबाची. निष्कर्ष आधी मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, मग कुठे छापायचा तिथे छापा.

कापसाचा भाव मागताना आपण उत्पादन खर्च मांडतो. त्या खर्चात बी, खत, औषध, मजुरी धरतो. घरच्या बाईची गेलेली तब्येत कोणत्या रकान्यात धरायची? ती आजवर कोणी मोजली नाही म्हणून ती फुकट धरली गेली. ती मोजायला लावणे हे आपले काम आहे. या चार मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत आपापल्या गावी मांडा, आणि ठरावावर पहिली सही कोयता चालवलेल्या बाईची घ्या.