पदार्थ जातो कोठे, आणि किती वेळात?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 23 मे 2024 रोजी दुपारी स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत ‘बॉयलर फुटला’ असे आले होते. ‘रिअ‍ॅक्टर’ हा शब्द मागाहून आला. त्याच वसाहतीत 26 मे 2016 रोजीही असाच भीषण स्फोट होऊन माणसे दगावली होती, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या होत्या. कोणी म्हणेल, बॉयलर काय नि रिअ‍ॅक्टर काय, गेलेला जीव गेलाच! पण हा फरक मोठा आहे, आणि तो समजण्यापुरते रसायनशास्त्र तुम्ही शाळेत शिकलेले आहात.

बॉयलरमध्ये पाणी असते नि जाळ वेगळा असतो. जाळ काढला की पाणी हळूहळू निवते. रिअ‍ॅक्टर हे पदार्थांची एकमेकांशी क्रिया घडवून आणण्याचे भांडे. पुष्कळ क्रियांत उष्णता त्या पदार्थांतूनच निघते. म्हणजे चूलच पातेल्याच्या आत! ती बाहेरून विझवणार कशी?

आता शाळेतला पहिला नियम आठवा : द्रव्याच्या अविनाशित्वाचा. अठराव्या शतकात लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने तराजू हाती घेऊन तो पक्का केला. उघड्या पेल्यात खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळा. फसफस होते आणि वजन घटते. 84 ग्रॅम सोडा पुरता खर्ची पडला, तर 44 ग्रॅम वायू निघून जातो. तो नाहीसा होत नाही, खोलीच्या हवेत मिसळतो. 2020 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीच्या औद्योगिक भागातला एक रस्ता गुलाबी झाला होता, तो याच नियमाने. कारखान्यातून ‘गेलेला’ रंग कोठे तरी असायलाच हवा. तो रस्त्यावर होता, इतकेच.

हा नियम हिशेब चोख ठेवतो; पण क्रियेला आठ तास लागतील की आठ सेकंद, हे तो सांगत नाही. ते काम वेगाच्या नियमांचे. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर थोडेसेच बुडबुडे येतात. त्याच दगडाची पूड करून तिच्यावर रस घाला, झपाट्याने फेस येतो. पृष्ठभाग वाढला, वेग वाढला. इडलीचे पीठ मे महिन्यात कल्याणला रात्रीत भांड्याबाहेर येते, थंडीत सकाळपर्यंत वाट पाहायला लावते. तिथे उष्णमानाची करामत.

ढोबळ मानाने, उष्णमान 10 अंशांनी चढले की पुष्कळ क्रियांचा वेग दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे फारसे काही वाटत नाही, नाही का? गणित करून पाहा. 30 अंशांवर आठ तास घेणारी क्रिया 100 अंशांवर नेली, तर सात वेळा दुप्पट, म्हणजे 128 पट वेग. आठ तासांचे काम चार मिनिटांच्या आत! पदार्थ तितकाच, त्यातून निघणारी एकूण उष्णताही साधारण तितकीच. पण ती निसटून जायला आता वेळ नाही. मग उष्णमान आणखी चढते, वेग आणखी वाढतो, आणि द्रवाची वाफ नि वायू भांडे फोडून बाहेर पडतात.

आमच्या प्रयोगशाळेत हे सहसा घडत नाही, ही काही आमची हुशारी नव्हे. आमचे चंचुपात्र लहान असते. तेच भांडे लांबी, रुंदी, उंचीने दसपट करा : आतला माल हजारपट होतो, पण थंड होणारा पृष्ठभाग शंभरपटच. म्हणूनच कारखान्यात भांड्याभोवती गार पाणी खेळवावे लागते, आणि एक पदार्थ दुसऱ्यात बेताबेताने सोडावा लागतो.

डोंबिवलीच्या त्या स्फोटांचे निदान करायला मी बसलेलो नाही. पण एक गोष्ट अशा कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही जाणून घ्यावी. समजा, वीज गेली नि ढवळणारा पंखा थांबला, पण वरून पदार्थाची धार चालूच राहिली. भांडे शांत दिसते. उष्णमापकही फारसा हलत नाही. नवख्याला वाटते, क्रिया संपली. पहिला नियम विचारतो : ओतलेला माल गेला कोठे? तो तसाच, न मिसळता, थर धरून बसलेला असतो. वीज येते, पंखा फिरतो, आणि तासाभराचा साचलेला माल एकाच क्षणी भिडतो. म्हणून पंखा थांबताच धारेची झडप आपोआप बंद व्हावी, अशी जोडणी करतात. ती तुमच्या भांड्याला आहे का, आणि शेवटची केव्हा तपासली, एवढे पाळी सुरू होण्यापूर्वी विचारा.