पासपोर्टचा फोटो आणि 'थोडं क्लीन करून देतो'

आजचा एपिसोड छोटाय, पण ज्यांच्या घरात कुणाचं परदेशात जायचं चाललंय त्यांनी ऐकाच.

आधी एक गोष्ट. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मोठ्या माणसाचा पासपोर्ट काढायचा असेल तर फोटो न्यावाच लागत नाही. केंद्रात काउंटरवरच काढतात. तरी लोक बारा-बारा कॉप्या घेऊन जातात! फोटो न्यायचा तो ४ वर्षांच्या आतल्या बाळाचा. पांढरं बॅकग्राउंड, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. व्हिसाचा फोटो मात्र आपणच द्यायचा. अमेरिकेला २ बाय २ इंच, शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर.

पण खरा घोळ साइजचा नाहीच, ती स्टुडिओवाल्यांना पाठ असते. घोळ होतो 'थोडं क्लीन करून देतो' इथे. आईच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी गेलो, तर स्टुडिओतल्या दादांनी न विचारता रंग दोन शेड उजळवला. हनुवटीवरचा तीळ गायब, कपाळावरचे कांजिण्यांचे वण गायब. आई खूश! म्हणे, "राहू दे की रे, लग्नातल्यासारखी दिसतेय." म्हटलं, आई, विमानातून लग्नातली तू जाणार नाहीयेस, आत्ताची जाणारेस. परत काढायला लावला. दादा जरा नाराज झाले, पण दिला.

हट्ट का केला? कारण हा फोटो आधी मशीन बघतं, मग माणूस. ई-पासपोर्टच्या चिपमध्येही तुमचा चेहरा असतो, आणि कॅमेऱ्यासमोरचा माणूस तोच आहे का, हे त्यावरून ताडून बघता येतं. अमेरिकेचा नियम तर स्पष्टय: फिल्टर नको, एडिटिंग नको, एआयसुद्धा नको. चष्माही २०१६ पासून बंद. आणि खरं सांगू? आपल्याकडे 'क्लीन' म्हणजे गोरं, हे कुणी ठरवलं कोण जाणे.

घरी काढणार असाल तर ब्यूटी मोड आणि पोर्ट्रेट मोड दोन्ही बंद. पोर्ट्रेटमध्ये कानाच्या कडा पुसट होतात. सेल्फी नकोच. फोन जवळ असला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दुसऱ्याला दीडेक मीटर लांब उभं करा. खिडकी समोर ठेवा, पाठीमागे नको. भिंतीपासून दोन पावलं पुढे उभे राहा, म्हणजे सावली पडत नाही. आणि पांढरा शर्ट घालू नका राव, नुसतं मुंडकं तरंगताना दिसतं.

बाळाचं काम पेशन्सचं. पांढऱ्या चादरीवर झोपवायचं आणि वरून काढायचा, पण तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कुणाचा हात फ्रेममध्ये नको. दूध पिऊन झाल्यावरची दहा मिनिटं बेस्ट. आजीला खुळखुळा घेऊन बरोबर कॅमेऱ्याच्या मागे उभं करा. बाजूला उभी राहिली की बाळ तिकडेच बघतं. काजळाची तीट तेवढी आधी पुसा. आजी रागावेल, फोटो झाला की परत लावू द्या.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.