दार आपोआप लागतें तेव्हां

घराच्या दाराला कडी-कोयंडा असे, त्या काळीं किल्ली हरवण्याचे प्रसंग पुष्कळ येत. परंतु किल्ली घरांत आणि मालक बाहेर, असा प्रकार क्वचितच घडे. कुलूप लावावयाचें तर तें हातांत घ्यावें लागे, आणि जुन्या धर्तीचीं कित्येक कुलुपें तर किल्ली फिरविल्याखेरीज लागतच नसत. ती किल्ली जानव्याला बांधलेली असो वा कमरेला खोंचलेली, दार बंद करणें हें माणसाच्या हातचें काम होतें. वाऱ्याच्या हातचें नव्हतें.

लॅचच्या कुलुपानें ही स्थिति पालटली. अमेरिकेंतील धाकटे लायनस येल यांनीं १८६१ व १८६५ सालीं पेटंट घेतलेल्या कुलुपांपासून आजची चपटी, दांत्यांची किल्ली रूढ झाली. मुंबईंत आर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपांचा धंदा सुरू केला. पुढें शहरांतील ब्लॉकच्या दारांवर लॅच हें नित्याचेंच झालें. त्याची रचना साधी आहे. दाराच्या कडेंतून एक तिरकी जिभली बाहेर डोकावते व तिच्या मागें स्प्रिंग असते. दार लोटलें कीं जिभली चौकटीवरील पट्टीला घासून मागें सरते आणि खांच येतांच आपण होऊन पुढें उडी घेते. आंतून मूठ फिरवली कीं दार उघडतें. बाहेरून किल्लीवांचून गत्यंतर नाहीं. चोराला अडविण्यासाठीं योजलेली ही युक्ति मालकालाहि ओळखत नाहीं.

मग एखादे दिवशीं गृहिणी दुधाची पिशवी उचलण्यास दाराबाहेर दोन पावलें टाकते, समोरची खिडकी उघडी असते, आणि एका झुळुकेसरशीं दार खटकन् लागतें. घरांत कोणी नसेल तर ही निव्वळ फजिती; तास दोन तास जिन्यांत बसून काढतां येतात. परंतु आंत गॅसवर दूध चढविलेलें आणि खोलींत रांगतें मूल असेल, तर तेंच दार संकट होऊन उभें राहतें. कित्येक लॅचांना जिभली मागें धरून ठेवणारें लहानसें बटण असतें. वर्षानुवर्षें तें घरांत असूनहि त्याचा उपयोग ठाऊक नसलेलीं कुटुंबें थोडींथोडकीं नाहींत.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरीं प्रश्न उलटा होतो. माणूस आंत असतो, कदाचित् न्हाणीघरांत पाय घसरून पडलेला. शेजारी किल्ली घेऊन धांवत येतात, लॅच उघडतें, पण दार हलत नाहीं. रात्रीं निजतांना वरची कडीहि लावलेली असते. दुसरी किल्ली जिभलीला मागें सारते, कडीला नव्हे. तेव्हां ज्यांनीं विश्वासानें शेजारीं किल्ली दिली आहे, त्यांनीं चांगल्या लॅचवर भरंवसा ठेवून आंतली कडी मोकळी सोडावी. घरांत दुसरें कोणी नसतांना न्हाणीघराला आंतून कडी घालण्याचेंहि कांहीं कारण नाहीं.

आतां ही दुसरी किल्ली ठेवावी कोठें? कुलुपाबरोबर दोन-तीन किल्ल्या मिळतात, आणि बहुतेक घरीं त्या सगळ्या दाराच्या आंतल्या एकाच खुंटीवर शेजारी शेजारी लोंबत असतात! पायपुसण्याखालीं, तुळशीच्या कुंडींत किंवा चौकटीच्या माथ्यावर ठेवलेली किल्ली घरच्या माणसाआधीं चोराला सांपडते. शेजाऱ्याचें घर हीच तिची योग्य जागा. चाळींत हें मागावें लागत नसे. ब्लॉकमध्यें मागावें लागतें, आणि पुष्कळांना तो संकोच वाटतो. दोन्ही घरांनीं एकमेकांकडे किल्ल्या ठेवल्या कीं संकोचाला जागा राहत नाहीं. मात्र मे महिन्यांत शेजारीहि गांवीं जातात, म्हणून आणखी एक किल्ली पायीं जाण्याच्या अंतरावरील आप्तांकडे असावी. तिच्यावर पत्ता लिहूं नये. नवी करवून घेतलेली किल्ली देण्यापूर्वीं एकदां दारास लावून पाहावी. ती अडल्याचें बहुधा नको त्या वेळींच कळतें. कांहीं कुलुपांत आंतल्या बाजूस किल्ली खोंचलेली राहिली तर बाहेरची किल्ली शिरतच नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

विजेऱ्यांवर चालणाऱ्या नव्या कुलुपांना किल्ली नको, अशी अनेकांची समजूत असते. विजेऱ्या संपल्यावर उपयोगीं पडावी म्हणून पुष्कळ कुलुपांबरोबर साधी किल्ली दिलेली असते. ती कपाटांत जपून ठेवली, म्हणजे दाराच्या आंतच राहिली. कांहीं कुलुपांना बाहेरून ९ व्होल्टची विजेरी टेकवून तेवढ्यापुरतें जागें करतां येतें.

मूल आंत अडकलें असेल किंवा गॅस पेटलेला असेल, तर किल्लीवाल्याच्या शोधांत वेळ दवडूं नये. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवावें, आणि तोंवर एकानें दारापाशीं बसून मुलाशीं शांतपणें बोलत राहावें. शेजारच्या गच्चींतून आपल्या गच्चींत उतरण्याचें धाडस कोणीहि करूं नये. त्यांत जीव गेले आहेत. घाई नसेल तेव्हां किल्लीवाला आहेच. घर कोणाचें, असें तो विचारील, तर त्याचा राग मानूं नये. घराचे कागद आंत असतात. अशा वेळीं समोरच्या शेजाऱ्याची साक्षच उपयोगीं पडते.