पीठ रेशनचं, हात तिचा

आल्बेनियाच्या वाचे झेलाचं नाव काढलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "गळा गोड, पण सरकारी गायिका!" माझा राग आहे तो त्या 'पण'वर.

अहो, कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राज्यात बिनसरकारी गायिका असणार कुठे? रेडिओ सरकारचा, वाद्यवृंद त्याचाच, गाण्याचा महोत्सवही त्याचाच. १९६२ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा भरला आणि लुश्न्याच्या या तेवीस वर्षांच्या मुलीने बाजी मारली. गाणं कशावर? पहिल्या बाळावर. पुढे तिच्याइतक्या वेळा तो महोत्सव कुणीच जिंकला नाही.

आपल्याकडे दुष्काळात रेशनवर लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायचा, आठवतं? एका घरी त्याची भाकरी थापता थापता फाटायची, शेजारी तीच तव्यावर टम्म फुगायची. आता फुगलेल्या भाकरीचं श्रेय काय रेशनच्या दुकानाला द्यायचं? झेलाला पुष्कळदा शब्द मिळाले तेही रेशनचेच, पक्षाचे नि श्रमाचे. थापणारा हात मात्र तिचा. पुन्हा सांगतो, पीठ सरकारचं, हात तिचा.

बरं, दुसऱ्या दुकानात जावं, तर दुसरं दुकानच नाही. आणि दुकानदाराची मर्जी मोडली तर? १९७२ चा अकरावा महोत्सव जरा मोकळाढाकळा झाला. पुढच्याच जूनमध्ये होजाने पक्षाच्या बैठकीत त्याच्यावर कोरडे ओढले. दिग्दर्शक मिहालाक लुआरासी तुरुंगात, रेडिओ-टीव्हीचे प्रमुख तोदी लुबोन्या तुरुंगात. गायक शेरीफ मेर्दानीची तर ऐन उमेदीची सोळा वर्षं गजाआड गेली. झेलाला 'जनतेची कलावंत' हा किताब मिळाला तो याच देशात. घरात पंख्याखाली बसून तिला नावं ठेवणं सोपं आहे हो.

१९९१ नंतर ती राजवट गेली, दुकान बंद पडलं, बाजार खुला झाला. महोत्सव टिकला. आता तिथूनच युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेसाठी देशाचं गाणं निवडतात. झेला पुढे स्वित्झर्लंडला गेली आणि ६ फेब्रुवारी २०१४ रोजी बासेलमध्ये वारली.

एवढंच करा. १९६२ चं ते बाळाचं गाणं शोधून ऐका. भाषा कळणार नाही, न कळू दे. हात कुणाचा ते कळेल.