कोड चालला, पण कळला का?

मी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. मागच्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलीचा बायनरी सर्चचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. मी विचारलं, "अगं, ही मधली ओळ काय करते?" ती गप्प. मग हळूच म्हणाली, "सर, चॅटजीपीटीने दिलाय."

खरं सांगू? मला राग नाही आला, लाज वाटली. आम्ही तरी काय शिकवत होतो? दरवर्षी तेच प्रोग्रॅम, सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आमचं पितळ उघडं पडलं.

आता मी उलटं करतो. तयार कोड देतो आणि चूक शोधायला सांगतो. सुरुवात बायनरी सर्चपासूनच. मधली जागा काढायला पहिल्या आणि शेवटच्या जागेची बेरीज करून दोनने भागायचं. बरोबर वाटतं ना? पण बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ती 'इंट'मध्ये मावत नाही, उत्तर उणे येतं. ही चूक जावाच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये तसं जाहीर लिहिलं.

म्हणजे चुका तज्ज्ञांच्याही होतात, मशीनच्याही होणार. त्या पकडणारी माणसं घडवणं, हेच यापुढे आमचं काम.

तुम्हीही आज एक करा. मशीनने दिलेल्या कोडची एक ओळ मित्राला समजावून सांगा. अडलात, तर अभ्यास तिथूनच सुरू करा. भेटू पुढच्या भागात!