एक प्रश्न, एक रविवार



धारवाडातल्या मुलांना भूगोल शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे शाळेच्या मांडवात, मुलांच्या गलक्यात उभं राहिलं की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. आज बक्षीस मिळालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. आणि ज्यांचं नाव पुकारलं गेलं नाही, पण ज्यांनी पडदे ओढले, सतरंज्या घातल्या, पहिलीतल्या पोरांना नटवून रंगमंचावर पाठवलं, त्यांचंही तितकंच कौतुक.

यंदाच्या निबंध स्पर्धेचा विषय होता ‘आमची कौटुंबिक सहल’. मुख्याध्यापिका बाईंनी ते निबंध मला आधीच वाचायला पाठवले होते. मी सगळे वाचले. बहुतेकांत पहाटे उठणं आहे, गाडी आहे, एका दिवसात चार-पाच ठिकाणं आहेत, हॉटेलातलं जेवण आहे, फोटो आहेत आणि रात्री दमूनभागून परत येणं आहे. मुलांनी अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय. पण वाचून झाल्यावर त्यातलं एकही ठिकाण माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिना. कसं राहणार? मुलांना तिथे नीट थांबायलाच मिळालं नव्हतं.

एक निबंध मात्र वेगळा होता, पाचवीतल्या एका मुलीचा. ती आजोबांबरोबर उणकल तलावाच्या काठी जाऊन बसली, एवढीच तिची सहल. तिथे एक पाणकावळा दगडावर पंख पसरून उन्हात बसला होता. बदकं पाण्यातून बाहेर येतात, अंग झटकतात आणि चालू लागतात. मग हा एकटाच पंख का वाळवत बसलाय, असं तिने आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, “मला माहीत नाही बाळा, आपण शोधू.” पुढच्या रविवारी दोघं पुन्हा तिथेच गेले, पुन्हा पाहिलं, आणि सोमवारी तिने विज्ञानाच्या सरांना गाठलं. उत्तर मिळालं. पाणकावळ्याची पिसं पाण्याने भिजतात, त्यामुळे त्याला बुडी मारून मासे धरणं सोपं जातं. पण बाहेर आल्यावर ती वाळवत बसावं लागतं. हा निबंध वाचला आणि आज इथे काय बोलायचं ते माझं ठरलं.

पालकहो, मला एकच गोष्ट सांगायची आहे. मुलांना घेऊन बाहेर पडताना ठिकाणांची यादी करू नका. एक प्रश्न घ्या आणि त्याच्या मागे जा. एका रविवारी एकच ठिकाण. उत्तर नाही मिळालं तर पुढचा रविवार आहेच.

आपण भाग्यवान आहोत. हुबळी-धारवाडच्या आसपास अशा प्रश्नांची खाणच आहे. माझ्या विषयातला सगळ्यात आवडता प्रश्न सांगते. धारवाडात पडलेला पाऊस जातो कुठे?

धारवाड हे कौलारू घराच्या आढ्यासारखं आहे. आढ्याच्या एका बाजूला पडलेलं पाणी पुढच्या अंगणात जातं, दुसऱ्या बाजूचं मागच्या परसात. गावाच्या एका अंगाला सोमेश्वराचं देऊळ आहे, तिथे शाल्मला उगम पावते. नदी म्हणावं एवढं काही तिथे दिसत नाही. पण ते पाणी दक्षिणेला कलघटगीच्या बाजूला उतरतं, बेडतीला मिळतं, यल्लापूरजवळ मागोडला सुमारे २०० मीटर खोल कोसळतं, आणि पुढे गंगावळी हे नाव घेऊन गोकर्णाच्या जवळ अरबी समुद्राला मिळतं. गावाच्या पूर्वेकडे पडलेला पाऊस मात्र ओढ्यानाल्यांतून मलप्रभेला जातो, मलप्रभेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. एकाच सरीतले दोन थेंब दोन समुद्रांना जातात, आणि त्यांची वाट फुटते ती आपल्या गावात!

हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. मुलं माना डोलवत. पण ज्या मुलांना आईवडिलांनी सोमेश्वराला नेलं आणि मग पावसाळा सरल्यावर मागोडला नेलं, त्यांचे डोळे वेगळे असत. ज्या पाण्यात आपण घोटा बुडवला होता, तेच पाणी दरीत असं गर्जत कोसळताना त्यांनी पाहिलेलं असे. आणि वाटेत कलघटगीला थांबलात तर तिथले रंगीत लाकडी पाळणे करणारे कारागीर पाहायला मिळतात. त्यांच्यापाशी अर्धा तास नक्की काढा.

आता प्रश्न जरा फिरवून विचारा. आपल्या नळाला पाणी येतं कुठून? पुन्हा मलप्रभाच. खानापूर तालुक्यात कणकुंबीला तिचा उगम आहे. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला धरण बांधून ती अडवली आहे, आणि तिथलं पाणी अम्मिनभावीला शुद्ध होऊन आपल्याकडे येतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत बदामीच्या बनशंकरीला जायची रीत आहे, ती आपली कुलदेवता. देवीचं दर्शन घ्या, ओटी भरा, आणि मग मुलांना पट्टदकलला नदीकाठी न्या. ही १९८७ पासून जागतिक वारसा असलेली देवळं ज्या नदीच्या काठी उभी आहेत तिचंच पाणी तुम्ही सकाळी प्यायलात, असं सांगा. मूल क्षणभर गप्प होतं. त्याला गप्प राहू द्या, लगेच पुढचं माहितीपर वाक्य टाकू नका.

तिथून पुढे ऐहोळेला जा. तिथे टेकडीवर मेगुतीचं जैन मंदिर आहे. तिथे कवी रविकीर्तीने इसवी सन ६३४ मध्ये कोरवलेला शिलालेख आहे. त्यात दुसऱ्या पुलकेशीचं वर्णन करताना तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख येतो. बदामीच्या कन्नड राजाचा पराक्रम सांगणारा, संस्कृतात लिहिलेला लेख, आणि त्यात महाराष्ट्र! इथल्या मराठी मुलांनी त्या दगडासमोर उभं राहायला हवं. आपण या मातीत पाहुणे नाही, हे पुस्तकातून कळतं त्यापेक्षा तिथे चटकन कळतं.

मुलांनो, तुमच्यापाशी एक मोठं धन आहे, ते तुमच्या लक्षात येत नसेल. तुम्ही घरी मराठी बोलता आणि गल्लीत कन्नड. त्याचंच एक उदाहरण सांगते. मागच्या मे महिन्यात माझी नात पुण्याहून आली होती. आपला राष्ट्रध्वज कुठे शिवतात, हा तिचा प्रश्न. मी तिला हुबळीत बेंगेरीला खादी ग्रामोद्योगाच्या केंद्रात घेऊन गेले. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था आहे, आणि प्रमाणित खादीचा ध्वज तयार करणारं केंद्र म्हणून तिचं नाव देशभर आहे. बरोबर आमच्या शेजारचा, तुमच्याच शाळेतला सातवीतला मुलगा होता.

आत बहुतेक सगळ्या बायका काम करत होत्या. अशोकचक्र पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना छापावं लागतं आणि दोन्हीकडचे २४ आरे तंतोतंत एकावर एक यावे लागतात. ध्वज ९ ठरलेल्या आकारांत होतात, सगळ्यात मोठा २१ फूट बाय १४ फूट आणि सगळ्यात लहान ६ इंच बाय ४ इंच. लांबी-रुंदीचं प्रमाण ३ ला २ हेच. आकार केवढाही असो, सुतभरही इकडे तिकडे चालत नाही. नातीने शिवणयंत्रावरच्या एका बाईंना विचारलं, “तुम्ही शिवलेला झेंडा फडकताना तुम्ही पाहता का?” त्या मुलाने “अक्का” अशी हाक मारून तो प्रश्न कन्नडमध्ये नीट विचारला. बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. त्याने आम्हाला सांगितलं, “त्या म्हणतात, टीव्हीवर पाहते. सगळे झेंडा बघतात, मी शिवण बघते.” माझ्या नातीच्या वहीत ते वाक्य आहे. ते तिला मिळालं, कारण त्या मुलाला दोन्ही भाषा येत होत्या. तुमच्या प्रत्येक सहलीत हे काम तुमचं. पाटी तुम्ही वाचायची, वाट तुम्ही विचारायची, आजीला सगळं मराठीत तुम्ही सांगायचं.

आता गाण्याकडे येते. पुण्या-मुंबईची तुमची भावंडं ‘सवाई’ला जाऊन आल्याचं सांगत असतील. भीमसेन जोशींनी पुण्यात १९५३ साली सुरू केलेला तो संगीत महोत्सव. पण ज्यांच्या नावाने तो भरतो ते सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ, आपल्या कुंदगोळचे! हुबळीहून आगगाडीत बसलं की थोड्या वेळात कुंदगोळ येतं. एके काळी जमखंडी संस्थानात असलेलं हे गाव. तिथे नाडगीरांचा वाडा आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब त्या वाड्यात येत, आणि तिथेच सवाई गंधर्वांना त्यांची तालीम मिळाली. पुढे भीमसेन जोशी सवाई गंधर्वांकडे शिकले आणि गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात.

गंगूबाईंची त्याआधीची एक हकिगत तुमच्या वयाच्या मुलामुलींनी ऐकावी अशी आहे. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष होते. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये ११ वर्षांची गंगूबाई होती. एवढ्या मोठ्या मांडवात गाताना तिच्या मनात एक भीतीही होती. आपल्या जातीमुळे आपल्याला वेगळं बसवतील, उष्टी पानं उचलायला लावतील, असं तिला वाटत होतं. पुढे त्यांनी हे स्वतः सांगितलं आहे. घराबाहेर पडलेलं मूल सूर ऐकतं, गर्दी पाहतं आणि माणसं माणसांशी कशी वागतात तेही पाहतं. ते त्याच्या मनात आयुष्यभर राहतं. म्हणून पालकहो, सहलीत ड्रायव्हरला, कंडक्टरला, देवळाबाहेर बसलेल्या माणसाला तुम्ही कशी हाक मारता, तोही मुलांचा धडाच आहे.

कुंदगोळला आगगाडीनेच जा. आपलं हुबळीचं स्टेशन ही स्वतःच एक सहल आहे. २०२३ मध्ये खुला झालेला इथला १५०७ मीटरचा फलाट जगात सगळ्यात लांब आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, पावलं मोजायला सांगा आणि एका पावलाची लांबी काढायला लावा. भागाकार पक्का होईल. धारवाडात असाल तर कर्नाटक कॉलेजच्या इमारतीसमोर उभे राहा. कॉलेज १९१७ साली सुरू झालं, त्याआधी ती इमारत सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होती. रेल्वेची कचेरी कॉलेज कशी झाली, हाही एका रविवारचा प्रश्न आहे.

काही पालक मनात म्हणत असतील, बाई, हे सगळं खरं, पण पैसे? वेळ? त्यांच्यासाठी खास सांगते. २०२३ पासून शक्ती योजनेत आई, आजी आणि मुली आपल्या राज्याच्या साध्या बसमधून तिकिटाचे पैसे न देता जाऊ शकतात. त्याचा उपयोग मुलांसाठी करा. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दहीबुत्ती घ्या. झाडाखाली बसून खाल्लेलं मुलांना हॉटेलपेक्षा जास्त आठवतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आणि ज्यांना रविवारीही सुट्टी नसते, ज्यांचं दुकान आहे, जे रिक्षा चालवतात, अमरगोळच्या एपीएमसीत हमाली किंवा अडतीचं काम करतात, रेल्वे वर्कशॉपमध्ये पाळीला जातात, त्यांनी मुलांना एखादा दिवस आपलं काम दाखवावं. जिथे आत न्यायची परवानगी नसेल तिथे फाटकापाशी उभं राहून नीट सांगावं. मिरचीचा भाव लिलावात कसा ठरतो, रंग पाहून कोण काय बोलतं, पोतं उचलताना पाठ कशी सांभाळायची, हे आपल्या वडिलांना येतं हे मुलाला कळू द्या. आईवडिलांच्या कामाबद्दलचा आदर भाषण देऊन शिकवता येत नाही, तो पाहून येतो.

दोन गोष्टी तेवढ्या टाळा. परतीच्या वाटेवर मुलांची परीक्षा घेऊ नका. “सांग पाहू, कोणतं शतक?” असं विचारलंत की पुढच्या वेळी ते मूल दगडाकडे न पाहता पाटी पाठ करत बसेल. आणि “मला माहीत नाही” म्हणायला लाजू नका. त्या मुलीचे आजोबा तसं म्हणाले, म्हणून ती शोधायला निघाली.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वऱ्हांड्यात एक फळा फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. वर्षअखेरीला तुमच्या हस्तलिखिताचा विशेषांक त्या प्रश्नांवर आणि त्यांच्यामागे झालेल्या भटकंतीवर काढा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, नकाशे काढा. तो अंक वाचायला मी आनंदाने येईन.

आणि मुलांनो, येत्या रविवारची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी आईबाबांना एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर घरात बसून मिळणार नाही असा. मग त्यांना बोट धरून बाहेर काढा.